माझं कुजायचं राहून गेलं

मी एक जुनी हिरवी पिशवी आहे, मित्रांनो. खरं तर मी जुनी व्हायलाच नको होते. मक्यापासून मला कारखान्यात बनवलं आणि पोटावर छापलं, 'मी कुजते.' कुठे कुजते, किती दिवसांत, ते छापायचं कुणाला सुचलं नाही.

एका वसाहतीत ओल्या कचऱ्याची बंद टाकी होती. आत खरकटं कुजायचं आणि त्याचा गॅस शेजारच्या पाळणाघराच्या स्वयंपाकघरात जायचा. टाकी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टाकीमावशी म्हणत. तोंडाने फटकळ, पण टाकीला लेकरासारखं जपायच्या. लोक प्लास्टिकसकट कचरा टाकत, म्हणून दारोदार फिरून त्यांनीच आम्हांला घरोघरी पोचवलं. "बिनधास्त पिशवीसकट टाका. ही विरघळते, मी सांगते ना," असं त्या प्रत्येक दारात म्हणायच्या. इथेच घात झाला. कुजणं वेगळं आणि विरघळणं वेगळं.

तेव्हा माझं कौतुक काय विचारता. बटाट्याच्या साली आणि चहाचा चोथा पोटात घेऊन मी ऐटीत टाकीत उतरले. आत काळोख, कोमट पाणी आणि हवा नावालाही नाही. सालींचा आठवड्यात लगदा झाला. मी मात्र वाट बघत बसले. मला लागतो हाताला चटका बसेल असा गरम खताचा ढीग आणि मोकळी हवा. महिन्याभरात मी जराशी मऊ पडले, एवढंच. मग माझ्यासारख्या शेकडो जणी ढवळणीच्या पात्यांना गुंडाळल्या गेल्या. ढवळणी अडकली आणि गॅस बंद पडला.

टाकी उघडली. फिटरने मला आकड्याने ओढून झटकलं. "मावशी, ही तर जशीच्या तशी आहे. अक्षरंसुद्धा वाचता येतायत."

वसाहतीचे सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या शब्दावर आम्ही पिशव्या घेतल्या. आता टाकी नको आणि तुमची दगदगही नको. उद्यापासून सगळं कचऱ्याच्या गाडीत."

"मलाही पिशवीवाल्यांनी ती विरघळते असंच सांगितलं होतं हो," मावशी पुटपुटल्या. ते कुणी ऐकून घेतलं नाही. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली.

आता मी डेपोवर साध्या प्लास्टिकच्या ढिगाखाली आहे. इथे आम्हांला कुणी वेगळं ओळखत नाही. मित्रांनो, कचरा टाकीत रिकामा करा आणि पिशवी बाहेर ठेवा, एवढंच मागणं आहे. फार उशिरा मागते आहे, हे मला कळतं. कालच्या गाडीतून आलेलं खरकटं सांगत होतं, टाकी मातीने बुजवली. मावशी आता लांबच्या रस्त्याने वळसा घालून घरी जातात.