उधव्याच्या फाट्यावरचा टेम्पो

"काका, तुमचा चेहरा दिसणार नाही हं, फक्त पाठ," असं शितलने चिमणला आधीच सांगून ठेवलं होतं. चिमण म्हणाला होता, "बरं आहे की. तोंडापेक्षा पाठच चांगली आहे माझी."

मालिका गस्तीवरच्या दोन पोलिसांची होती. म्हातारा हवालदार, त्याचा तरुण चालक जोडीदार, एक खटारा जीप, सीमेवरचे कच्चे रस्ते, दारूचे टेम्पो, मारामाऱ्या आणि दर वाक्याला एक शिवी. जोडीदार झालेला नट मुंबईचा, दिसायला राजबिंडा, पण जुन्या जीपचा गिअर काही त्याला पडेना. म्हणून लांबून दिसणाऱ्या प्रसंगांत गाडी हाकायला मसोलीहून चिमणला आणलं. पोलीस खात्यात चालक म्हणून त्याचा उभा जन्म गेला होता. खाकी अजून अंगाला बसत होती, पोटावरचं बटण तेवढं कुरकुरत होतं.

खरं तर गोष्टही त्याचीच होती. मालिका लिहिणारी शितल मागच्या हिवाळ्यात चार दुपारी त्याच्या ओटीवर येऊन बसली होती, आणि त्याने तिला हाल्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. हाल्या हवालदार उधव्याजवळच्या पाड्यावरचा. चौदा वर्षं दोघं एकाच जीपमध्ये शेजारी बसले. तीन वर्षांपूर्वी हाल्या काविळीने गेला. गेलेल्या माणसाविषयी बोलायला लागलं की जीभ सैल सुटते. चिमणचीही सुटली, आणि त्या भरात तो एक खोटं बोलून गेला. आज त्याच खोट्याचं चित्रीकरण होतं.

मार्च सरत आला होता. रानात जागोजागी भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायला लागले होते आणि त्यांचा निळसर धूर सागाच्या निष्पर्ण फांद्यांतून रस्त्यावर उतरत होता. चित्रीकरणवाल्यांनी मुंबईहून धुराचं यंत्र आणलं होतं. ते बिचारं ताडपत्रीखाली पडून राहिलं. पळसाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. उन्हाने सगळ्यांचे आवाज मंद झाले होते आणि कोणी काही बोललं की ते जरा उशिराच ऐकू येतंय असं वाटायचं.

प्रसंग सोपा होता. फाट्यावर जीप उभी. वळणावरून टेम्पो येतो. हवालदार हात करून तो थांबवतो, टेम्पोवाल्याकडून पैशांचं एक पुडकं घेतो आणि जाऊ देतो. टेम्पो गेला, की कोणीतरी ओरडायचं, तो माघारी यायचा आणि पुन्हा वळणाआड जाऊन उभा राहायचा. एकदा झालं, दोनदा झालं. चिमणला वाटलं, एकोणीस वर्षांपूर्वीची ती दुपार कोणीतरी दोरीला बांधून पुढे-मागे ओढतंय.

हवालदार झालेला नट शेजारी येऊन बसला की टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा. हाल्याची सवय. शितलने तीही टिपून घेतली होती. धुरातून बाजूला बघताना चिमणला तो नट दिसेचना, हाल्याच दिसायचा. दोन वेळा त्याने तंबाखूसाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

तिसऱ्या खेपेनंतर पळसाखाली शुक्री येऊन बसलेली दिसली. हाल्याची बायको. तुझ्या नवऱ्यावर टीव्हीची शिरेल काढतात, असं कोणीतरी तिला पाड्यावर सांगितलं होतं. चिमण खाली उतरून तिच्याजवळ गेला.

"चिमनभाऊ," ती नटाकडे बघत म्हणाली, "तो पैशे घेतो तो कोन? माझा हाल्या का?"

"नाही वहिनी. हे आपलं नाटक आहे."

"पन गोष्ट त्याचीच ना? तुम्हीच सांगली म्हनतात."

तेवढ्यात हाक आली आणि तो सुटल्यासारखा जीपकडे निघाला.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी हाल्या फाट्यावर नव्हताच. फाट्यावरच्या दुकानाच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत गस्तीची वही असायची. हवालदाराने तिच्यात वेळ घालून सही करायची, चालकाने नाही, अशी पद्धत. हाल्याने सही केली आणि ओहळ ओलांडून तो घरी जेवायला गेला. जीप आणि फाटा चिमणच्या हवाली. टेम्पो आला. चालवणारा चिमणचा सख्खा मेहुणा, ताडपत्रीखाली दारूची खोकी. मेहुणा हात जोडून रडायला लागला आणि चिमणने त्याला जाऊ दिलं. टेम्पो पुढे पकडला गेला, चौकशी बसली, वही निघाली, वहीत सही हाल्याची. चिमणच्या दोन्ही मुली शाळेत होत्या. हाल्या म्हणाला, "माझी सही हाय, मी बघतो." त्याची बढती कायमची अडली. तो फौजदार व्हायचा होता, तो हवालदार म्हणूनच निवृत्त झाला, आणि चिमणने चकार शब्द काढला नाही. शितलने विचारलं तेव्हाही तो म्हणाला, "हाल्याने सोडला टेम्पो. माणूस मऊ होता." पैशांचं पुडकं पुढे शितलने स्वतः घातलं, मालिका झणझणीत व्हावी म्हणून.

चौथ्या खेपेला टेम्पो वळणावर दिसला. नटाने हात वर केला, पुडकं घेतलं. टेम्पो हलला. चिमणच्या पायाखाली क्लच आपोआप दबला, हाताने गिअर शोधला, आणि जीप रस्त्यावर आडवी जाऊन उभी राहिली. टेम्पोवाल्याने कचकन ब्रेक मारला. धुरळा उडाला आणि सावकाश खाली बसला. चिमण स्टिअरिंग धरून बसून होता. एवढं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आपण हे केलं की नुसतं मनात आलं, तेही त्याला नीट उमगेना.

शितल धावत आली. "काका, काय केलंत हे?"

"टेम्पो अडवला."

"पण हाल्याने तो सोडला होता ना? तुम्हीच म्हणालात."

"हाल्या नव्हताच इथे. मी सोडला. माझा मेहुणा होता."

शितलने हातातली वही मिटली. मग तिने सगळ्यांना जेवणाची सुट्टी देऊन टाकली.

चिमण पळसाखाली गेला. खुर्चीवर बसायची त्याला लाज वाटली, तो शुक्रीसमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, मेहुण्याचं, वहीचं, मुलींचं. शिव्या खायच्या, थोबाडीत बसली तर तीही खायची, अशा तयारीने तो आला होता.



"त्या दिसी मीच बोलावला व्हता त्याला," शुक्री म्हणाली. "डहाणूच्या बाजारातून सुके बोंबील आनलेले. मी म्हनला, ये, गरम गरम खाऊन जा. मग ता टेम्पोचा झाला. मला वाटला, तो माझ्या जेवनापायी घरी आला म्हनूनच टेम्पो सुटला."

"नाही वहिनी. तो इथे असता तरी मी..."

"आयका. त्याच्या नंतर दुपारी तुमची जीप फाट्यावर थांबली ना, का मी घराला कडी घालून रानात जायची. नोकरी जायेल त्याची, घरी नको यायला, असा मनात यायचा. तो यायचा, कडी बघायचा, परत जायचा. मला झाडीतून दिसायचा. लय दिस यायचा तो. मंग यायचा सोडला." तिने पदराने तोंड पुसलं. "कडी का घालतीस म्हनून कदी इचारला नाय त्यानी. मीपन सांगला नाय."

चिमणने मान खाली घातली. हाल्याची बढती खाल्ली, एवढाच आपला गुन्हा, असं तो इतकी वर्षं समजून चालला होता.

त्याला त्या दुपारी आठवायला लागल्या. तो जीप सावलीला लावून आपला डबा उघडायचा. हाल्या ओहळ ओलांडून पाड्याकडे जायचा, दहा मिनिटांत परत यायचा, शेजारी बसायचा, आणि चिमणने विचारायच्या आधीच सांगून टाकायचा, "जेवलो."