चौदा नंबरची बाही

काखेखाली ठेवायची छोटी उशी शिवणीवर फुटली होती आणि मास्तरीण ती टाचत होती. तिसऱ्या टाक्याला अभ्र्यावर लाल ठिपका उमटला, तेव्हा तिला कळलं की सुई बोटात गेली आहे. शेवटच्या किमोला दोन महिने होत आले, तरी बोटांची टोकं अजून परक्यासारखी वागत होती.

बोट तोंडात धरून तिने बाहेर आलेली चिंधी आत ढकलायला घेतली. चिंधी कसली, शर्टाची अख्खी बाही होती. करडं कापड, कोपऱ्यात निळ्या खडूने चौदा लिहिलेलं. आकड्याखाली दोन रेघा मारायची खोड तिचीच.

एका शर्टाचे तुकडे दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून कापणारा प्रत्येक तुकड्यावर नंबर घालतो. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. दुकानात कापणाऱ्याला मास्तर म्हणायचं, म्हणून ती मास्तरीण. ऑपरेशन उजव्या बाजूचं, म्हणजे कात्रीच्याच हाताचं. सात महिने ती सगळ्यांचं ऐकत होती. प्या म्हटलं की प्यायली, झोप म्हटलं की डोळे मिटले. बदल्यात दुकान तेवढं मागितलं होतं. गेले तीन आठवडे ती रोज सकाळी जाऊन कारखान्याच्या गणवेशाचे सहा-सहा शर्ट कापत होती.

तिने शिवण पुरती उसवली. चौदाची कॉलर निघाली. सोळाची पाठ. एकविसाचे दोन्ही कफ. कशालाच मशीनचा टाका लागलेला नव्हता.

नणंद चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. ऑपरेशनपासून ती इथेच राहायला आली होती. घर तिच्याच जिवावर चाललं होतं.

"वहिनी, फोडलीस होय? परवाच तर भरली होती मी."

"कापूस मिळाला नाही का वन्सं?"

"बॉबिनने पिशवी भरून दिलं. म्हणाली, वाया जाण्यापेक्षा..." नणंदेने कप खाली ठेवला. त्याचा कान उगाच तिच्या बाजूला वळवला.

बॉबिन म्हणजे दुकानातली भागीदारीण. बुटकी, गोल, दिवसभर गरगरणारी. शिवायचं काम तिचं.

"बाकीचे तुकडे कुठे आहेत?"

"पायाखालच्या उशीत."

"आणि?"

"सोफ्याच्या गाद्यांत. दोन्ही."

मास्तरीण सोफ्यावरच बसली होती. ती जराशी उठली आणि पुन्हा बसली.

"तरीच म्हटलं, अलीकडे सगळं घर कसं मऊ लागतंय."

नणंद हसली नाही. "डॉक्टरच म्हणाले, हाताला काम द्या, मन लागेल. तू कापलेलं जुळत नव्हतं गं. बॉबिन बिचारी रडली इथे बसून. तुला कोण सांगणार?"

"कारखान्यात शर्ट गेले ना पण? ते कोणी कापले?"

"तीच कापते. संध्याकाळी."

"एकटीने? एवढं लांब कापड एकटीने पसरत नाही."

नणंदेने खिडकीकडे पाहिलं. "दादा धरतो ना दुसरं टोक."

मास्तरिणीने तुकडे नंबरवार लावले. नवऱ्याला संध्याकाळी हल्ली उशीर होत होता. डेपोत माणसं कमी आहेत, म्हणाला होता. शर्टाचं बटण तुटलं तर सेफ्टी पिन लावून आठवडा काढणारा माणूस.

"दादाला बोलू नकोस," नणंद म्हणाली. "त्याला वाटतं, सगळ्यात तेवढंच एक धड चाललंय."

"मी कुठे बोलतेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने नेहमीप्रमाणे तिला दुकानाशी सोडलं. तो परत फिरणार तोच ती म्हणाली, "पाच मिनिटं आत या."

बॉबिनने मशीनवरून मान वर केली. मास्तरीण टेबलाशी गेली, पर्समधून चौदा नंबरची बाही काढली, आणि बॉबिनने काल संध्याकाळी कापून फळीवर ठेवलेल्या गठ्ठ्यातली एक बाही तिच्यावर ठेवली. वरच्या गोलाईत दोन बोटांचा फरक होता. तिने बाही उलटी करून पाहिली. फरक तेवढाच राहिला. तिची बाही कोणत्याही खांद्याला बसली नसती.

बॉबिनचं मशीन थांबलं होतं. "शिव्या घाल," ती हळूच म्हणाली. "मनात ठेवू नकोस."

"कापड पसर आधी. कारखान्याचा माल शनिवारी जायचाय."

"तू कापतेस?"

मास्तरिणीने कात्रीत बोटं घातली. अंगठा शिरला की नाही, हे तिला बघून ठरवावं लागलं. तिने कात्री काढून टेबलावर ठेवली, मूठ बॉबिनच्या बाजूला.

"अहो, तुम्ही धरा दुसरं टोक."

नवऱ्याने एकदा बॉबिनकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "मला काय कळतंय त्यातलं?"

"धरा."

त्याने धरलं. अंगठे आत दुमडून, काठाला ताण न देता. मग दोघांनी एकदमच कापड उचललं, हवेत एक हेलकावा दिला आणि खाली सोडलं. ते टेबलावर सपाट बसलं. त्याने तळहाताने सुरकुती मधून काठाकडे सारली. इतकी वर्षं तिने त्याला कधी टेबलाशी बोलावलं नव्हतं. तोही कधी आला नव्हता.

बॉबिनने पट्टी ठेवली, खडू घेतला. पहिल्या रेघेशी ती अडखळली, दुसरी सरळ आली. तिसऱ्या रेघेला ती कामात पुरती बुडाली होती. नवरा पट्टीचं टोक दाबून धरत होता.

"जरा सरक गं," बॉबिन मान वर न करता म्हणाली. "उजेड अडतोय."

खडू लगेच थांबला. नवऱ्याचा हातही थांबला.

मास्तरीण सरकली. दाराजवळ, जिथे माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं उभी राहतात, तिथे. मग तिने तिथूनच रेघ नजरेने मोजली, पुन्हा मोजली. खोड काढण्यासारखं काही सापडलं नाही.