शेपूट धरायचं काम

आमचं विमान दोन माणसांचं. आत बसायला नव्हे. खेळातलं विमान ते, पंख पसरले तरी जेवणाच्या टेबलाएवढंच. पण त्याचं इंधनावरचं इंजिन सुरू करायला दोघं लागायची. एकानं मागं गुडघे टेकून शेपूट धरायचं, दुसऱ्यानं पुढून पंखा फिरवायचा. नाही धरलं, तर इंजिन लागल्याबरोबर विमान थेट अंगावर यायचं. शेपूट धरायला आमची ही. तोंडानं अखंड कुरकुर, कपड्यांवर तेलाचे शिंतोडे, पण पकड अशी की विमानाची हलायची काय बिशाद. मी पुढून सूचना करायला लागलो की म्हणायची, "धरलंय हो मी. तुम्ही तुमचं बघा."

ही गेली आणि विमान कपाटावर जाऊन बसलं. लेक फोनवर म्हणाली, देऊन टाका बाबा कुणाला तरी, नाहीतर शेजारच्यांना शेपूट धरायला बोलवा. शेजारच्यांना! त्या गृहस्थांना स्वतःची छत्री धड धरता येत नाही. मी फोन ठेवला आणि ठरवूनच टाकलं. इंजिन काढून विजेची मोटर बसवायची. एकट्यानं उडवता आलं तर विमान ठेवायचं, नाही आलं तर भिंगरीच्या दुकानात टांगायला देऊन मोकळं व्हायचं.

भिंगरी म्हणजे खेळातल्या विमानांच्या दुकानाचा मालक. माणूस एका जागी उभा राहील तर शपथ. मी सगळ्यांत जोरात फिरणारी मोटर उचलली, ती त्यानं माझ्या हातातून काढून घेतली. एका व्होल्टला किती फेरे, तो आकडा मोटरवर लिहिलेला असतो म्हणे. आकडा मोठा असला की पंखा छोटा लावावा लागतो, मग नुसता आरडाओरडा, ओढ काही नाही. आमच्या जड विमानाला कमी फेऱ्यांची, मोठा पंखा निवांत ओढणारी मोटर हवी. बॅटरी मी हलकी बघून घेतली, तर तीही फळीवर परत गेली. जुनं इंजिन वजनदार होतं. ते निघालं की नाक हलकं पडणार, शेपूट खाली बसणार आणि विमान हवेत कुणाचं ऐकणार नाही. म्हणून चार सेलची थोराड बॅटरी, तीही नाकात अगदी पुढं. मी हुज्जत घालून पाहिली. त्याचंच बरोबर होतं, याचा जास्त राग आला.

घरी सगळं बसवलं. पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचललं, बॅटरी थोडी पुढं सारली, पुन्हा उचललं. शेवटी ते बोटांवर सरळ तरंगलं. मी मोठ्यानं म्हणालो, "बघितलंस?" मग विमान तसंच धरून उभा राहिलो. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

सकाळी मैदानावर गेलो. रेडिओ, म्हणजे हातात धरून विमान चालवायचा रिमोट, चालू केला, विमानात बॅटरी जोडली. मोटर नुसती टी-टी करत राहिली. पंखा ढिम्म. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. तरी भिंगरीला फोन लावला. रिमोटवरची वेगाची दांडी कुठं आहे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, थोडी वर, नेहमीसारखी. इंजिन सुरू करताना ती तशीच ठेवायची आमची सवय.

"पूर्ण खाली घ्या काका," तो म्हणाला. "दांडी वर असली तर मोटर मुद्दामच लागत नाही. मागं धरायला कुणी नाही, हे तिनं गृहीतच धरलेलं असतं."

दांडी खाली घेतली. टी-टी थांबलं. हळूहळू वर नेली तसं विमान गवतावरून गुमान धावलं आणि उचललं गेलं. इतकं छान ते कधी उडालंच नव्हतं. ना धूर, ना खडखड. मैदानाला फेऱ्या मारून अलगद माझ्या पायाशी उतरलं.

मी खिशातून फडकं काढलं. उतरल्यावर नाक मी पुसायचो, शेपूट ही. गुडघे टेकून शेपटाकडे गेलो. तेलाचा थेंब नव्हता. पुसण्यासारखं काहीच नव्हतं. तरी पुसलं.

तेवढ्यात भिंगरीचा फोन आला, जमलं का एकट्याला, म्हणून.

"जमलं," मी म्हणालो.

तो खूश झाला. अजून काहीबाही बोलत होता, मी ऐकत नव्हतो. घरातली सगळी कामं ही गेल्यावर एकेक करून मला जमत गेली होती. कुकर, चादरी, औषधं, सगळं. तिच्यावाचून अडावं असं हे एकच उरलं होतं. तेही मीच दुकानात जाऊन, हुज्जत घालून सोडवून आलो.