उसन्या विजेचा टॉवर

मी टेकडीवरचा मोबाइल टॉवर बोलतोय. बोलतोय म्हणजे, खालची गिरणी अजून बंद आहे म्हणून. ती सुरू झाली की माझी वाचाच जाते. तेव्हा घाईघाईनं सांगतो, सांभाळून घ्या.

माझा जन्म भागीदारीतला. जमीन सरकारची, लोखंड कंपनीचं, खर्च दोघांचा. या खोऱ्यात कोणाच्याच फोनला रेंज नव्हती. एकट्या कंपनीला इथं परवडत नव्हतं, एकट्या सरकारला जमत नव्हतं, म्हणून दोघांनी हात मिळवले. मला त्याचा फार अभिमान वाटला, अजूनही वाटतो. फक्त वीज कोणी आणायची, तेवढं ठरवायचं राहून गेलं. सरकार म्हणालं, कंपनी आणेल. कंपनी म्हणाली, सरकार आणेल. मी आपला दोघांच्या तोंडाकडे बघत उभा! खाली माणसं फोन उंच धरून माझ्याभोवती फिरायची. अंगात सगळं असून मुकं राहायचं, याची तळमळ तुम्हाला कशी सांगू?

शेवटी पायथ्याच्या गिरणीवाल्यानं स्वतःच्या मीटरवरून मला तार ओढून दिली. म्हणाला, "साहेबांची वीज येईपर्यंत घे बाबा माझी."

पण गिरणीची मोटर फिरली की विजेचा दाब उतरतो आणि मी गपकन बंद पडतो. पुन्हा जागं व्हायलाही मला वेळ लागतो. मग गावानं ठरवून टाकलं: सकाळी दळण, दुपारनंतर फोन.

गिरणीवाल्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते. नवरा दूर शहरात कामाला. गिरणी थांबली की ती ओट्यावर बसून त्याच्याशी बोलत राही. सासरा चिडवायचा, "पोरी, बाळाच्या बापाला जरा कामही करू दे!"

एका सकाळी दळण ऐन भरात होतं. डब्यांमागे डबे लागलेले. नर्सबाई धावत आली.

"मामा, गिरणी बंद करा! गाडी बोलवायचीय."

"एवढा डबा उतरू दे, मग..."

"डबा घाला चुलीत! सूनबाई अडलीय तुमची. मूल आडवं आहे, आता माझ्या हातात काही नाही."

गिरणीवाल्यानं खटका ओढला. पट्टा फडफडत थांबला. तो पिठानं पांढरा झालेला माणूस धापा टाकत टेकडी चढला आणि माझ्या पायावर हात ठेवून म्हणाला, "ऊठ रे. लवकर ऊठ."

मी उठत होतो. शपथेवर सांगतो, उठत होतो! पण माझ्या यंत्रांना घाई कळत नाही. एक दिवा लागला. बऱ्याच वेळानं दुसरा. खाली नर्सबाई फोन कानाला लावत होती, काढत होती. रांगेतली एक म्हातारी माझ्याकडे बघून ओरडली, "अरे मेल्या, बोल की!" तसं मला कोणीच कधी झापलं नव्हतं.

आणि एकदम नर्सबाईचा आवाज माझ्यातून गेला, "हॅलो, गाडी पाठवा!"

गाडी वेळेत आली. मोठ्या दवाखान्यात सून सुटली, मुलगी झाली. ती बातमी गावात माझ्यातूनच आली.

"दोघी घरी येईपर्यंत गिरणीला हात लावणार नाही," गिरणीवाल्यानं जाहीर केलं. "पीठ शेजारच्या गावातून आणा." रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही.

नेमके त्याच दिवसांत साहेब आले. सरकारचे आणि कंपनीचे, एकाच गाडीतून. नर्सबाईच्या तक्रारीवरूनच आले होते. त्यांनी फोन काढून बघितले. रेंज भरभरून!

"अहो, चालू तर आहे!"

"साहेब, ही वीज गिरणीची आहे," नर्सबाई म्हणाली. "गिरणी बंद आहे म्हणून..."

"वा! याला म्हणतात लोकसहभाग," म्हणत त्यांनी माझ्यासमोर फोटो काढून घेतला आणि गाडी धुरळा उडवत गेली. मी वरून बघत राहिलो. माझ्या गावकऱ्यांना गिरणी बंद ठेवून इतकं चांगलं वागायची हीच वेळ सापडली होती का?

आज बाळंतीण घरी आलीय. गिरणीपाशी पुन्हा डबे लागलेत. आणि वरच्या आळीतल्या सुताराच्या लेकीचेही दिवस भरत आलेत. तुमच्यापैकी कोणाची त्या दोन्ही साहेबांशी ओळख असेल तर एवढा निरोप द्या: पुन्हा या. पण सकाळी या, गिरणी चालू असताना या, आणि मग फोन लावून बघा.

गिरणीवाला हात पुसत खटक्याकडे निघालाय. माझी वीज माझी मला द्या हो, म्हणजे ती पोरगी जेव्हा