भिंतीची रेघ

"दार ओलं आहे, हात लावू नकोस," आत्या म्हणाली. हातात ब्रश, कपाळावर निळा ठिपका. खाऱ्या वाऱ्याने दरवर्षी रंग सोलला जातो आणि दरवर्षी ती दार रंगवते. तिला आधी एकटीला सांगायचं म्हणून मी सभेच्या तासभर आधी आले होते. अर्धं रंगलेलं दार पाहिलं आणि जीभच रेटेना. नुसता चहा प्यायले.

समुद्र अडवणाऱ्या भिंती आखणं हे माझं काम. पक्का अभ्यास व्हायला वर्ष लागतं आणि तोवर वरच्यांची मतं सिमेंटसारखी घट्ट होतात. मग गावाने डोकं आपटून काय उपयोग? म्हणून मी एक साधा प्रोग्रॅम केला. पडद्यावर भिंतीची रेघ बोटाने सरकवायची; भिंत किती उंच लागेल, दगड किती जड लागतील, ते लगेच दिसतं. ढोबळच, पण कुठली वाट सोडून द्यावी एवढं कळतं. ऑफिसात मला अंदाजबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

सभा शाळेच्या वर्गात होती. होडीवाले बाकांवर दाटीवाटीने बसले होते. मी रेघ दाखवली. आत्याचं घर रेघेच्या बाहेर, म्हणजे समुद्राच्या हवाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, कारण मी तिची भाची हे गावाला ठाऊक होतं.

आत्या चष्मा पुसत पुढे आली. "मी सरकवू?"

"सरकव."

तिने रेघ घराच्या पुढे, पाण्यात ओढली. तिथे पाणी खोल, लाट मोठी. दगडाच्या वजनाचा आकडा चढत गेला.

"एवढे धोंडे तुझ्याकडे निघतात का रे?" तिने मागच्या बाकावरच्या दगडखाणवाल्याला विचारलं.

"याच्या निम्म्या वजनाचेही नाहीत, काकी."

"आणि निघाले तरी उचलणार कोण? हिचा बाप?"

लोक हसले. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पाण्याची बादली उचलतानाही कण्हायचे.

मग तिने पडद्यावर बोट टेकवलं. "आणि होड्या कुठे ओढून ठेवायच्या? वाळू तर सगळी भिंतीखाली गेली."

तिने रेघ स्वतःच मागे आणली, मी आखली होती तिथे. मला रडू आलं. तिला नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "हे पक्कं का गं?"

"नाही. अभ्यासात थोडं इकडेतिकडे होईल."

"माझं घर आत येईल एवढं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, आत्या."

"मग आल्या आल्या सांगायचंस. उगाच चहा गिळत बसलीस."

घरी येऊन तिने रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"भिंत बांधायला दोन वर्षं तरी लागतील ना? तोवर अर्धवट दाराने लोकांना काय तोंड दाखवू?"

दुसरा ब्रश तिने माझ्या हातात दिला. मी खालची फळी रंगवायला बसले. थोड्या वेळाने ती वाकून बघायला आली.

"कोपऱ्यांत नीट घाल," ती म्हणाली. "तिथूनच पाणी शिरतं."