बासष्टचा चाकू

रिजवाननं हौसेनं बासष्टचा आकडा व्हॉट्सअॅप स्टेटसला लावला, तिथंच घोळ झाला. बासष्ट म्हणजे चाकूच्या पोलादाच्या कडकपणाचं माप. आकडा मोठा तशी धार जास्त टिकते, असं कुणीतरी इंटरनेटवर छातीठोक सांगितलेलं, म्हणून क्रांतीताईंनी चाकू बासष्टचाच मागितलेला. ही बाई गगनबावड्याच्या घाटात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या गटातली, अंगानं काटक, जिभेनं तिखट. रिजवाननंही लगेच मान डोलावली. उद्यमनगरातल्या शेडात अब्बांच्या हाताखाली दहा वर्षं उसाचे कोयते ठोकल्यावर स्वतःचं नाव कोरलेला हा त्याचा पहिलाच चाकू, मग काय विचारता!

अब्बा, म्हणजे कुतुबुद्दीन, आकडेबिकडे मानत नसत. कोयता असो की चाकू, धार पितळेच्या सळीवर दाबून बघायची. जरा वाकून परत सरळ झाली तर माल गिऱ्हाइकाला, नाहीतर परत भट्टीत. शनिवारी सकाळी त्यांनी हाही चाकू दाबला आणि धारेचा कणीएवढा तुकडा उडाला. म्हातारा चाकू खाली ठेवून चहाला निघून गेला. आणि बाहेर चाकू न्यायला आलेल्या ताई गाडी लावत होत्या.

खाच घासून गुपचूप दिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण रिजवाननं सगळं सांगून टाकलं. लय कडक झालाय, म्हणून ठिसूळ, परत तापवून सत्तावन्नवर आणतो म्हणाला. ताई भडकल्या. त्याचं स्टेटस दाखवून अख्ख्या ग्रुपला बासष्ट सांगून बसलेल्या की त्या.

"धार गेली तर काय करशीला?" रिजवाननं विचारलं.

"दगडावर घासीन."

"आणि दरीत गाडीचं दार उचकटताना मोडला तर?"

रिजवाननं चाकू त्यांच्यापुढं ठेवला. "बासष्टच पायजे असंल तर घेऊन जावा. पण माझं नाव घासून टाकतो."

बोलून गेला आणि त्याला भडभडून आलं. दहा वर्षांनी कोरलेलं नाव, ते आपल्याच हातानं पुसायचं!

ताईंनी चाकू उचलून खाचेवर बोट फिरवलं. मग त्याच्या हातात परत दिला.

"सत्तावन्न कर," त्या म्हणाल्या. "आणि नावाला हात लावू नको."