शंभर आकाशं

"उघडू का?" संगणकापुढे बसलेल्या आकडेशास्त्र्याने विचारलं, आणि ढोबळताईंनी तोंडाला लावलेला चहा तसाच खाली ठेवला.

ढोबळताई हे नाव वेधशाळेतल्या टवाळांनी ठेवलेलं. डार्क एनर्जी विश्वाला किती जोराने फुगवते आहे, ते सगळे मिळून मोजत होते. उत्तर देताना चुकीला किती जागा सोडायची, यावरून मात्र वर्षभर नुसती जुंपली होती. ताई म्हणायच्या, भरपूर सोडा. गटाचे प्रमुख असलेले सर म्हणायचे, एवढं ढोबळ उत्तर देऊन जगात हसं करून घ्यायचं का? त्यांनी ती जागा थेट निम्म्यावर आणली होती.

"सर, बघायला आकाश एकच मिळालंय. त्यातून निघेल तेवढंच निघेल," हे सांगून सांगून ताईंच्या तोंडाला फेस आला. शेवटी म्हणाल्या, निम्मी छापणार असाल तर माझं नाव काढा. सगळी उमेदीची वर्षं या एका कामात गेलेली! नवरा म्हणाला, "अगं, घे ना जरा नमतं." मग त्याच्याशीही अबोला.

"होऊनच जाऊ दे," सर म्हणाले, आणि ही परीक्षा ठरली. आकडेशास्त्र्याने संगणकात शंभर खोटी आकाशं रचली. त्यांतली खरी उत्तरं फक्त त्यालाच ठाऊक. सर आणि ताई, दोघांनी आपापल्या हद्दी घालून सगळी मोजली. दावा दोघांचा एकच: तीनात दोनदा खरं उत्तर माझ्या हद्दीत सापडेल.

"सरांची अडतीस हद्दीत बसली," निकाल उघडून आकडेशास्त्री म्हणाला. "बाकी सगळी बाहेर."

सरांचं तोंड एवढंसं झालं.

"ताईंची सदुसष्ट. तेहतीस चुकली."

"चुकली ना पण त्यांचीही!" सर उसळले.

"चुकली!" ताई टाळी वाजवून उठल्याच. "चुकायलाच हवी होती. शंभरच्या शंभर बसली असती, तर मी उगाच घाबरून जागा सोडली असं झालं असतं. जेवढी चुकतील म्हटलं, तेवढीच चुकली, सर!"

त्यांचे डोळे भरून आले आणि हसू काही आवरेना. आकडेशास्त्री तर टेबलच बडवायला लागला.

सर उठले. मग खडू घेऊन फळ्यापाशी गेले. उद्या जाहीर करायच्या आलेखावर चुकीची जागा दाखवणारी आखूड उभी रेघ त्यांनीच काढली होती. तिची दोन्ही टोकं वाढवत, मागे न बघता त्यांनी विचारलं,

"एवढी?"

"थोडी अजून."

सर टाचा उंचावून उभे राहिले.